खंगलेलं मांजर आणि रिकामा खिसा
पाठीवरून हात फिरवताना मणके टोचू लागले की समजावं, मांजर खंगलंय. दूध पुढे करू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन कुस्करून, कोमट करून थोडं थोडं द्या. नाक चोंदलं की वास येत नाही आणि ते अन्नाला तोंड लावत नाही. ओल्या कोमट फडक्याने नाक पुसा. घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नको, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचू लागते, तिथे घरगुती उपाय पुरत नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा; तिथे शुल्क कमी असतं. ‘परवडेल तेवढंच करा’ असं डॉक्टरांना आधीच सांगायला मुळीच संकोचू नका.