मधुमेहींनी न्याहारीला काय प्यावे?

जयपूर : जयपूरच्या न्याहारीत कुल्हडातील गोड चहा अथवा मलईदार लस्सी आवडीने घेतली जाते. मधुमेहींसाठी मात्र ही वेळ नाजूक असते. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढल्याने यकृत रक्तात अधिक ग्लुकोज सोडते. त्यात गोड पेयाची भर पडल्यास रक्तशर्करा झपाट्याने वाढते. संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात सुमारे २० ग्रॅम साखर असते. चोथा निघून गेल्याने ती लवकर शोषली जाते; म्हणून अख्खे फळ बरे. बिनसाखरेचा चहा किंवा साधे ताक तुलनेने सुरक्षित ठरते. मात्र रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरल्यास तोच अर्धा पेला रस तातडीचा उपचार ठरतो. न्याहारीपूर्वी आणि दोन तासांनंतर तपासणी केल्यास पेयाचा नेमका परिणाम समजतो.