दातांवरचे डाग आणि ताटातला भात

डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळेत तपकिरी दातांचे मूल दिसले की साहेब लोकांचा निकाल तयार असतो : ‘ही पोरे दात घासत नाहीत!’ ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ ठरवले, त्यांच्यावर शिक्का मारायला या व्यवस्थेला पुरावा लागत नाही. पण दातावरचा प्रत्येक डाग मळाचा नसतो. वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत, दाताचे कवच हिरडीच्या आत घडत असताना पोटात जादा फ्लोराईड गेले, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे उमटतात, पुढे ते तपकिरी होतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत. थोडे फ्लोराईड दात किडण्यापासून वाचवते. जादा झाले की तेच घात करते.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम, ही भारतीय मानकाची मर्यादा. पण गरीब माणूस पाणी नुसते पीत नाही, ते खातोही. भात शिजताना पाणी शोषतो आणि त्यातले फ्लोराईड ताटात येते. धान्यागणिक परिणामही बदलतो. भात खाणाऱ्यापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या शरीरात फ्लोराईड अधिक साठते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७०च्या दशकातच दाखवले.

वारली, कोकणा, धोडी यांच्या घरची नागली इथे महत्त्वाची. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात जेमतेम १०. हे कॅल्शियम आतड्यात फ्लोराईडला बांधून ठेवते, रक्तात कमी जाऊ देते. म्हणून ज्या ताटातून नागली गेली आणि नुसता भात उरला, त्या कुपोषित मुलाला तेच पाणी अधिक बाधते.

आणखी एक गोष्ट. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्याच तालुक्यात ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले. कोळशातले फ्लोरिन जळताना वायूरूपाने बाहेर पडते आणि झाडाचे पान ते शोषते. मग पाण्याबरोबर पालेभाजी का तपासू नये?

फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. त्याच्या कसोट्या लावून प्रत्येक आश्रमशाळेत दात तपासा, विहीर-बोअरचे पाणी तपासा, शिजलेले अन्न तपासा आणि पोषण आहारात नागली द्या.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. ते पाणी आणि त्यात शिजलेला घास निर्धोक असणे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. लोकांचे पोषणमान व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे ४७वे कलम सांगते. मुलांना ‘घाणेरडे’ म्हणण्याआधी सरकारने हे कलम वाचावे!