बर्नआउट : माणूस कच्चा की कामाची घडी विस्कटलेली?

कामाने पिचलेला माणूस हल्ली ‘मला बर्नआउट झालाय’ असं सहज म्हणतो. या विषयावरचं पायाभूत संशोधन क्रिस्टिना मॅस्लाक यांचं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली इथे त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी डॉक्टर, परिचारिका अशांच्या मुलाखतींपासून सुरुवात केली. रूढ समजुती मात्र त्यांच्या निष्कर्षांशी फारशा जुळत नाहीत.

गैरसमज : बर्नआउट म्हणजे अति थकवा.
वस्तुस्थिती : थकवा हा तीनपैकी एक भाग. कामाबद्दल आणि माणसांबद्दल तुटकपणा येणं हा दुसरा; ‘आपल्या हातून काही धड होत नाही’ असं वाटणं हा तिसरा. मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांची १९८१ची प्रश्नावली हे तिन्ही वेगवेगळे मोजते. नुसता दमलेला माणूस विश्रांतीने सावरतो. पण रुग्णाचं नाव सोडून ‘सात नंबरचा बेड’ म्हणू लागलेल्या परिचारिकेची अडचण दोन दिवसांच्या झोपेने सुटत नाही.

गैरसमज : हा एक आजार आहे.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, पण रोग म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती स्थिती आहे, असं संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. नैराश्याचं तसं नाही. ते कामापुरतं थांबत नाही आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवं.

गैरसमज : कच्च्या मनाची, कामचुकार माणसंच कोलमडतात.
वस्तुस्थिती : न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांत काम केलेल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्येच नोंदवलं होतं, की झोकून देऊन काम करणारेच यात सापडतात. मॅस्लाक कोळशाच्या खाणीत विषारी हवेचा इशारा मिळावा म्हणून नेल्या जाणाऱ्या कॅनरी पक्ष्याचं उदाहरण देतात. तो गुदमरला, तर पक्षी दणकट करायचा नसतो. खाणीतली हवा सुधारायची असते.

गैरसमज : योगवर्ग, सहल आणि चार दिवसांची रजा दिली की झालं.
वस्तुस्थिती : त्याने शीण उतरतो, कारण जागच्या जागी राहतं. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचा मेळ तुटण्याच्या सहा जागा दाखवल्या : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला नि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. यात बोजा फक्त एक. काम बेताचंच, पण बढती कायम साहेबांच्या मर्जीतल्यांना. वीस वर्षं मुरलेल्यालाही प्रत्येक बारीक गोष्ट विचारूनच करायची सक्ती. ग्राहकाला नको असलेली पॉलिसी त्याच्या गळ्यात मारण्याचं टार्गेट. अशा ठिकाणी वेळेवर घरी जाणारी माणसंही आतून विझतात.

गैरसमज : हे कंपनीचं धोरण, टीमच्या प्रमुखाच्या हातात काय असतं?
वस्तुस्थिती : पगाराची चौकट त्याच्या हातात नसेल, पण पाळ्या कशा लावायच्या, रजा कुणाची नाकारायची, मीटिंगमध्ये श्रेय कुणाला द्यायचं, हे तोच ठरवतो. म्हणजे ताबा, न्याय आणि कौतुक या तीन जागा रोज त्याच्याच टेबलावर असतात. सगळं एकदम बदलावं लागत नाही. नेमकं कुठे खुपतंय हे काम करणाऱ्यांनाच विचारावं, उपायही त्यांच्यासोबत ठरवावा आणि एखाद्या आवाक्यातल्या गोष्टीपासून सुरुवात करावी. पाळ्यांचा तक्ता सर्वांसमोर बसून लावणं ही तशीच एक गोष्ट. तिला वेगळं बजेट लागत नाही.