कारणाशिवाय दोन दिवस

बायका घराबाहेर पडत नाहीत असं कोण म्हणतं? चांगल्या पडतात! भाचीच्या लग्नाला पडतात, नणंदेच्या बाळंतपणाला पडतात, दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसायला पडतात. अष्टविनायकाला, पंढरपूरला, झालंच तर मंडळाच्या सहलीला बालाजीला. पण प्रत्येक वेळी हाताशी एक कारण असतं आणि पिशवीत दुसऱ्या कुणासाठी तरी काही असतं. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी. येतानाही पिशवी रिकामी नसतेच. घरात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न असतो, ‘काय आणलंस?’

पण मैत्रिणींनो, कारण नसताना, एकटीने, फक्त विश्रांतीसाठी म्हणून कुठे जाऊन आलात का कधी? मी गेले. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा. परदेशात नाही, मनालीलाही नाही. जयसिंगपूरहून रत्नागिरीला, लाल एस.टी.ने.

त्याआधीची पाच वर्षं आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कूस बदलायची म्हणून रोज रात्री दोन वाजता उठायचं, पाठीला पावडर लावायची, घोटभर पाणी पाजायचं. गेल्या वर्षी त्या गेल्या. दिवसकार्य झालं, वर्षश्राद्धही झालं. पण माझी दोनची जाग काही गेली नाही. बरोबर दोनला डोळे उघडायचे आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. दिवसा शिवणाच्या मशीनवर बसलं की सुईत दोरा ओवताना हात थरथरायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत. विश्रांती घ्या.’

विश्रांती घ्या! पण घ्यायची कुठे? घरात आडवं झालं की दारात दूधवाला, नाहीतर ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई. माहेरी जावं तर वहिनी ओट्याशी उभी आणि आपण पलंगावर, हे कसं दिसेल? मग तिथेही पोळपाट आपल्याच पुढ्यात येतो. बाईची विश्रांती म्हणजे दुसऱ्या स्वयंपाकघरात केलेला स्वयंपाक, दुसरं काय!

भिशीचा नंबर लागला तेव्हा हातात पैसे आले. दरवर्षी त्यातून घरात काहीतरी येतं. मिक्सर आला, गाद्या आल्या. या वेळी मी जेवताना सांगून टाकलं, ‘मी दोन दिवस रत्नागिरीला जाणार आहे.’

‘कुणाकडे?’ ह्यांनी विचारलं.

‘कुणाकडे नाही.’

‘मग काय काम आहे?’

‘काम नाही.’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग हे म्हणाले, ‘मीपण येतो की.’ मी म्हटलं, ‘तुम्ही आलात की मी तुमचा चहा, तुमची गोळी, तुमचा टॉवेल बघत बसणार. मला दोन दिवस कुणाचंच काही बघायचं नाहीये.’ रागावून नाही हं, सरळ सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असणार. पण रात्री झोपताना त्यांनी विचारलं, ‘डाळीला कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या?’ मी समजले, परवानगी मिळाली. तसं पाहिलं तर मी परवानगी मागितलीच नव्हती!

बाकीच्यांचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. वन्संचा फोन आला, ‘भांडलात का गं?’ पुण्याहून मुलगा म्हणाला, ‘आई, एकटीने? सेफ आहे का?’ शेजारच्या काकूंनी तर हळूच विचारलं, ‘डॉक्टर मोठे आहेत का तिकडचे?’ बाई एकटी निघाली म्हणजे एक तर भांडण, नाहीतर आजारपण. तिसरं काही असू शकतं हे सुचतच नाही कुणाला. फक्त लेक म्हणाली, ‘जा गं, आणि मला रोज फोन करू नकोस.’

मुक्कामाची सोय करताना खरी गंमत कळली. तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी विचारलं, ‘मिस्टर सोबत नाहीत का?’ नाही म्हटल्यावर ‘मॅनेजरना विचारून सांगतो’ म्हणाले आणि पुन्हा फोन उचलला नाही. दुसऱ्याने तर तोंडावरच सांगितलं, ‘एकट्या लेडीजना रूम देत नाही.’ आता सज्ञान बाईने एकटीने खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा आपल्या देशात नाही. ओळखपत्र दाखवायचं, नोंदवहीत सही करायची, संपलं. पण नियम कायद्यातच असतात असं थोडंच आहे! तिसरा फोन एका बाईंनी उचलला. घराच्या वरच्या मजल्यावर त्या दोन खोल्या भाड्याने देतात. ‘या की, आधार कार्ड तेवढं आणा. जेवणार का घरचं?’ एवढंच बोलल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मंगळवारी सकाळी निघाले. कोल्हापूरला गाडी बदलली, आंबा घाट उतरले आणि दुपारी रत्नागिरीत होते. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे. ही सवलत आपण आजवर लग्नाकार्यालाच वापरली. शेजारच्या सीटवर कुणी ओळखीचं नाही, मांडीवर कुणाचं मूल नाही. साखरप्याच्या पुढे हवा बदलली तशी मी खिडकी पूर्ण उघडली. ‘वारं लागतंय’ म्हणणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी पहिली परीक्षा झाली, ती जेवणाची. खालून बाईंनी विचारलं, ‘काय करू तुमच्यासाठी? काय आवडतं?’ आणि खरं सांगते, मला पटकन काही सुचेना. ह्यांना भरली वांगी आवडतात, मुलाला पिठलं, लेकीला कटाची आमटी, सासूबाईंना मऊ भात. मला काय आवडतं? वीस-बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. शेवटी म्हटलं, ‘तुम्हाला सोपं पडेल ते.’ त्या हसल्या. ‘ते तुम्ही घरी म्हणता. इथे आवडीचं सांगा.’ मग मला एकदम आठवले तांदळाचे घावन आणि ओल्या नारळाची चटणी. शाळेत असताना कोकणातली एक मैत्रीण डब्यात आणायची. चार घावन खाल्ले, गरम गरम, तव्यावरून थेट ताटात. गरम खाणं म्हणजे काय ते तव्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला विचारा.

त्या रात्रीही दोनला जाग आली. सवयीने उठून बसले, चपला शोधल्या. मग लक्षात आलं, इथे कूस बदलायला कुणी नाही. घरी पलीकडची खोली असते, त्यातली रिकामी कॉट असते. इथे नुसता पंखा आणि लांबून एखादी गाडी. त्या अंधारात मी सासूबाईंसाठी रडले. त्या गेल्या तेव्हा पाहुण्यांचा चहा, तेराव्याचा स्वयंपाक, आहेराची देवघेव... रडायला वेळच कुठे मिळाला होता! आमचं पटायचं नाही फारसं. पण पाच वर्षं ज्या माणसाची पाठ आपण रोज पुसली, ते माणूस आत कुठेतरी रुतून बसलेलं असतं. पहाटे कधी झोप लागली कळलं नाही. उठले तेव्हा साडेआठ वाजले होते आणि दाराबाहेर चहाचा थर्मास होता.

दुसरा दिवस पूर्ण माझा होता. रत्नागिरी हे एकटीने फिरायला अगदी सोयीचं शहर. फार मोठं नाही, रिक्षा मिळतात, बाजारात बायकांची वर्दळ. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पाहिलं. १८५६ साली टिळक इथे जन्मले. कौलारू घर, शांत अंगण. मी तिथे अर्धा तास नुसती बसले. पतितपावन मंदिर पाहिलं. सर्व जातींच्या लोकांना एकत्र दर्शन घेता यावं म्हणून सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली ते उभारलं.

पण मनात घर केलं ते थिबा राजवाड्याने. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी राणीसह रत्नागिरीत आणून ठेवलं. हा लाल वाडा त्याच्यासाठी बांधून पूर्ण झाला तो १९१० साली. सहा वर्षांनी, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राजा-राणीचं सगळेच बोलतात, पण मला आठवत राहिल्या त्यांच्या चार मुली. राजकन्या खऱ्या, पण मनाला येईल तसं कुठे जाता येत नव्हतं. थोरलीचा जीव जडला तो वाड्याच्या दरवाजावरच्या गोपाळ सावंतांवर. त्यांना टूटू नावाची मुलगी झाली. १९१९ मध्ये कुटुंबाला मायदेशी परतायला मिळालं तेव्हा थोरलीही गेली, पण ती परत रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच तिचा शेवट झाला. टूटू तर पक्की रत्नागिरीकर झाली, मराठी बोलणारी, गरिबीत संसार करणारी. ती २००० साली गेली.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाडी दिसते. किती वर्षं त्या मुलींनी ते पाणी बघितलं असेल! त्यांच्या दारावर पहारा होता. आपल्या दारावर कुणी नाही. दूध उतू जाईल, लोक काय म्हणतील, घर कसं चालेल, हेच आपले पहारेकरी. त्यातला निम्मा पहारा आपण स्वतःच देतो, असं तिथे उभं राहून मला वाटलं.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांची सावली, ओली वाळू. चपला हातात घेऊन चालत राहिले. भेळवाल्या मावशींनी विचारलं, ‘एकट्याच आलात?’ मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी ‘का?’ विचारलं नाही, नुसता कांदा जास्त घातला. स्वतः रोज एकटीने धंदा करणाऱ्या बाईला त्यात काय नवल!

त्या रात्री नऊला ठरल्याप्रमाणे घरी फोन केला. हे म्हणाले, ‘डाळ करपली, पण भात जमला.’ आणि मग थोडं थांबून, ‘तुझी झोप झाली का?’ झाली हो. त्या रात्री दोनला जाग आली नाही. खोटं कशाला सांगू, घरी आल्यावर पुन्हा अधूनमधून येते. दोन दिवसांत पाच वर्षांचा थकवा जात नाही. पण आता जाग आली तर घाबरायला होत नाही. आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.

सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत झाला. दोन रात्रींची खोली, जेवण, रिक्षा, एस.टी. सगळं धरून. हे पैसे प्रत्येकीजवळ असतील असं नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, आजारी माणूस आहे, रोजावर पोट आहे, त्यांना दोन दिवस ही चैनच. त्यांनी एकच दिवस काढावा. सकाळच्या गाडीने जावं, संध्याकाळी परतावं. वाईचा कृष्णेचा घाट आहे, सावंतवाडीचा मोती तलाव आहे. तुमच्या गावापासून दोन-चार तासांवर असं एखादं छोटं शहर असतंच.

निघायचं ठरवलंत तर माझ्या अनुभवातून एवढं सांगते:

शहर छोटं निवडा, जिथे एस.टी. स्टँड गावातच आहे. आठवड्याच्या मधल्या वारी जा, गर्दी कमी असते.

खोली आधी फोन करून ठरवा आणि ‘मी एकटी येणार आहे’ हे स्पष्ट सांगा. पलीकडचा अडखळला तर दुसरीकडे विचारा. दाराची आतली कडी नीट लागते का, हे सामान ठेवण्याआधी बघा.

उजेडात पोहोचा. आधार कार्ड, रोजची औषधं आणि थोडे सुटे पैसे वेगळे ठेवा. कुठे उतरला आहात ते घरी एकाला तरी सांगा. अडचण आली तर ११२ नंबर पाठ असू द्या.

घरच्यांना फोनची एक वेळ ठरवून द्या. ‘मिठाचा डबा कुठे आहे’ यासाठी दिवसभर फोन येऊ देऊ नका. सापडतो त्यांना.

आणि शेवटचं, जरा अवघड आहे. येताना कुणासाठी काही आणायचं नाही. मीही नाही आणलं. ह्यांनी पिशवी उघडून बघितली, आत माझे धुवायचे कपडे आणि भाट्याच्या वाळूतला एक शिंपला. ‘हे कुणाला?’ म्हणाले. म्हटलं, ‘मला.’ शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलाय, बॉबिनच्या शेजारी. पुढची भिशी कार्तिकात लागेल. तुमची कधी लागतेय?