मनातले मांडे, खापरावरचे मांडे

आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. माझ्या मावशीचे माहेर बेळगावचे आणि सासर बऱ्हाणपूरचे. इतक्या लांबून ती सणाला येणार कशी? म्हणून माहेरच तिच्याकडे जाते. कॉलेजची सुट्टी जुळली की मी गोवा एक्स्प्रेसने भुसावळला उतरते. तिथून बऱ्हाणपूर तासाभरावर. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण तिथल्या मराठी घरांतली चूल अजून खानदेशीच आहे.

मावशीची पहिली आखाजी आमच्या घरात अजून सांगितली जाते. सासूबाईंनी विचारले, ‘‘मांडे येतात ना?’’ मावशीने मोठ्या ऐटीत मान डोलावली. बेळगावच्या मुलीला मांडे येत नाहीत, असे कसे होईल? आजी लग्नकार्याला घरीच मांडे करायची. मावशीने तसेच केले, पिठीसाखर आणि तूप घालून घडी घातलेले, कुरकुरीत. सासूबाईंनी एक मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘पापड छान झालेत. आता मांडे कर.’’

खानदेशचा मांडा म्हणजे पुरणाचा. कणीक तार येईपर्यंत तिंबायची, दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरायचे, थोडे लाटायचे आणि मग लाटणे बाजूला ठेवायचे. पुढचे काम हातांचे. दोन्ही हातांवर झुलवत, फिरवत मांडा कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. तो मऊसूत असतो. वर तूप आणि सोबत वाटीभर आमरस!

बऱ्हाणपूरच्या बाजारात आणखी एक मांडा मिळतो. त्यात पुरणही नाही, साखरही नाही. मैद्याची रुमालासारखी मोठी, पातळ रोटी, लग्नाच्या पंगतीत रश्शाबरोबर खायची. हे शहर आधी फारुकी सुलतानांचे, मग मोगलांचे. १६३१ साली मुमताज महलचा मृत्यू इथेच झाला. मोगल छावण्यांमुळे हा मांडा आला असे तिथले लोक सांगतात.

नाव एकच, पदार्थ तीन. आणि हे नाव मोगलांहून जुने आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मंडक’ येतो. त्याची कल्याणी म्हणजे आपल्या कर्नाटकातले बसवकल्याण. मराठीत त्याचा मांडा झाला, कन्नडात मंडिगे. आपण मनातल्या मनात मांडे खातो, आपले कन्नड शेजारी ‘मनस्सिनल्लि मंडिगे’ खातात. भाषा दोन, पण दिवास्वप्नातला खाऊ एकच!

हे सारे मी वर्गात रंगवून सांगते. प्रत्यक्षात मला एकही मांडा येत नव्हता.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत युनेस्कोची बैठक झाली. तिथे आपल्या दिवाळीप्रमाणेच इटलीच्या पाकपरंपरेलाही अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यात भर आहे तो एकत्र रांधण्यावर, एकत्र जेवण्यावर आणि आजी-आजोबांकडून नातवंडांकडे जाणाऱ्या कलेवर. बोलोन्याकडे अंड्यात मळलेल्या कणकेची पातळ पोळी हाताने लाटणाऱ्या बाईला ‘स्फोलीना’ असे खास नाव आहे. मावशीला हे कौतुकाने सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘त्यांचे खांदे दुखत नाहीत का ग?’’

तिचा उजवा खांदा आता वर जात नाही. गेल्या वर्षी आखाजीला मांडे विकत आणले. सगळ्यांनी खाल्ले, कुणी नावे ठेवली नाहीत. मावशी मात्र जेवताना गप्प होती.

यंदा तिच्या सुनेनेच खापर बाहेर काढले. ती इंदूरची, बँकेत नोकरी करते, बोलते हिंदी-मराठी मिसळून. ‘‘मम्मी, तुम्ही फक्त बसून सांगा,’’ असे म्हणून तिने पदर खोचला. मग मलाही खोचावा लागला. अंगणात ऊन, चुलीची धग आणि समोर खुर्चीत परीक्षक!

माझे पहिले तीन फाटले. एकाचे पुरण तर थेट चुलीत गेले. चौथा कसाबसा खापरावर पोचला, एका बाजूने जाड, दुसरीकडे भोक. मावशीने त्याचा तुकडा तोडला, सावकाश चावला आणि म्हणाली, ‘‘परवागिल्ला.’’ बऱ्हाणपुरात तिच्या तोंडून कन्नड शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सुनेने विचारले, ‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे चालेल,’’ मी म्हटले.

सुनेचा पाचवा मांडा अख्खा उतरला. त्यावर मावशी काहीच बोलली नाही. जेवणे झाल्यावर तिने खापर राखेने पुसले, जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि सुनेच्या हातात दिले. ‘‘वरच्या फळीवर नको ठेवूस,’’ म्हणाली, ‘‘लागेल तेव्हा हाताशी असू दे.’’