कागद मराठीत आला, कळायचा राहिला

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी जुलैत भाषा संचालनालय सुरू झाले. तेव्हापासून सरकारी मराठीवर जे काम झाले, ते मुख्यतः शब्दांचे: पदनाम कोश, परिभाषा कोश, शासन व्यवहार कोश, जोडीला १९६४ चा राजभाषा अधिनियम. ते काम कमी लेखण्याचे कारण नाही. त्याशिवाय मंत्रालयातली फाईल इंग्रजीतच फिरत राहिली असती. पण याच काळात पिंपरीत आधीपासूनच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपाठोपाठ टेल्को आणि बजाज, भोसरीची एमआयडीसी आणि शेवटी चाकणचे टप्पे उभे राहिले, तेव्हा इथल्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या हाती पडलेले कागद मराठीत असूनही दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागले. दोष सहसा बोजड शब्दांना दिला जातो. साठ वर्षांचा हा प्रवास पाहिला की मला वाटते, खरी अडचण मांडणीत होती. वाचणाऱ्याला आता काय करायचे आहे, हे ठरवून तो कागद कोणी लिहिलाच नव्हता.

भूसंपादनाची नोटीसच घ्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. त्याच्या कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे ‘तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा’ अशी विचारणा. ३२(१) ची अधिसूचना म्हणजे संपादनाचा निर्णय; ती राजपत्रात आली की जमीन शासनाकडे निहित होते. म्हणजे दोन नंबरचा कागद आधी येतो आणि एक नंबरचा नंतर! हरकत घ्यायची संधी आहे ती पहिल्या कागदावर. चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या भागातल्या शेतकऱ्याला सर्वांत आधी कळायला हवी होती ती ही गोष्ट आणि हरकतीची शेवटची तारीख. पण ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन ‘त्याअर्थी’पर्यंत पोहोचणाऱ्या सरकारी वाक्यात आधी अधिनियमाचे नाव, मग अधिकार कोणाला प्रदान झाले ते, मग गट नंबरांचा तक्ता अशी रांग लागते आणि मुदत शेवटाकडे ढकलली जाते. यातला एकेक शब्द सोपा केला, तरी शेतकऱ्याची अडचण तशीच राहते.

कारखान्याच्या आत मात्र वेगळेच घडले. कामगाराला समजेल अशा भाषेत लिहायची सक्ती तिथे जुनी आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने ते आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावायला सांगितले आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही तेच केले. कायद्याने भाषा ठरवली, फळ्याची जागाही ठरवली. तरी तो फळा वाचत उभा राहिलेला कामगार विरळाच. त्याच कारखान्यात मशीनशेजारी लावलेला ‘वन पॉइंट लेसन’ मात्र सगळे वाचतात. यंत्रांच्या देखभालीत सगळ्यांना सामील करणाऱ्या जपानी ‘टीपीएम’ पद्धतीबरोबर तो इथे आला. एक पान, एकच मुद्दा. एका बाजूला चुकीच्या जोडणीचा फोटो आणि फुली, दुसऱ्या बाजूला बरोबर जोडणी, खाली दोन-तीन ओळी. तो सहसा लाइनवरचाच माणूस लिहितो आणि त्याची परीक्षा रोज होते, कारण रिजेक्शन वाढले की कागद बदलावा लागतो. सोप्या भाषेच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आणले. वाचकाला हवे ते सापडावे, समजावे आणि वापरता यावे, हा त्याचा गाभा. भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. त्याच कंपनीच्या एचआर विभागापर्यंत ती का पोहोचली नाही, याचे उत्तर पुढे येईलच.

सरकारी बाजूला असा प्रयत्न झाला तो पिंपरी-चिंचवड महापालिकेत. त्याआधी २००५ चा एक कायदा नागरी सनद सक्तीची करून बसला होता. ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम’ हे त्याचे नाव. लोकांनी मुकाट्याने ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून सुटका करून घेतली. सनदा लागल्या, पण त्या कार्यालयाच्या रचनेप्रमाणे. श्रीकर परदेशी आयुक्त असताना ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सारथी’ने क्रम उलटा केला. पुस्तिका, संकेतस्थळ आणि हेल्पलाइन, तिन्हींचा पाया प्रश्नोत्तरांचा: अर्ज कुठे करायचा, कागदपत्रे कोणती, शुल्क किती, भेटायचे कोणाला. नवी परिभाषा शून्य. मर्यादाही दिसते: सारथीने उत्तरे सोपी केली, विभागांतून निघणाऱ्या नोटिसा हा तिचा विषय नव्हता.

सोपे लिहिले तर कायद्याचा काटेकोरपणा जातो, हा नेहमीचा आक्षेप. तो अधिनियमाच्या मजकुराला लागू असेल. नोटिशीला लागू नाही. कलमे तशीच ठेवून वर चार ओळी लिहायला कोणता कायदा आड येतो? दुसरा आक्षेप असा की चाकणला आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार आहेत, मग सोप्या मराठीचा उपयोग काय? पण गुंतागुंतीच्या मजकुराचा हिंदी अनुवादही गुंताच होतो. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, आणि जोरदार तोच आहे: संदिग्ध कागद लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. वन पॉइंट लेसन कळला नाही तर नुकसान कंपनीचे. नेमणुकीचे पत्र कळले नाही तर कामगाराचे. म्हणून एक सोपे झाले, दुसरे तसेच राहिले. ही गोष्ट प्रशिक्षणाने सुटणारी नाही, सक्तीनेच सुटेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले. मालक कोण, कंपनी की ठेकेदार. हातात पगार किती. काम कायम की ठरावीक मुदतीचे. तक्रार कोणाकडे करायची, एवढे त्या पत्राच्या पहिल्या चार ओळींत असलेच पाहिजे, अशी मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरावी.