जुनी काया, नवें एंजिन

अमेरिकेंतील मध्यमवर्गीय घराला लागून बहुधा एक गॅरेज असतें. मोटार ठेवण्याची ती जागा खरी. परंतु पुष्कळ घरीं तोच गृहस्थाचा छोटेखानी कारखानाही असतो. सुटीच्या दिवशीं तेथें डोकावलें तर कित्येकदां एक विलक्षण देखावा दृष्टीस पडतो. पन्नास वर्षांपूर्वींची लांबरुंद मोटार लोखंडी घोड्यांवर उभी आहे. तिचें एंजिन काढून बाजूस ठेवलें आहे. आणि वडील व मुलगा हातीं फीत घेऊन त्या रिकाम्या जागेचीं मापें घेत आहेत. शेजारीं दुसरें एक एंजिन आपल्या पाळीची वाट पाहत असतें. तें मोटारीहून तीसएक वर्षांनीं धाकटें! घरच्या घरीं असें एंजिन बदलणें हा तेथें मोठा छंद होऊन बसला आहे. त्यांत कौशल्य तर आहेच. पण त्याच्या पोटीं एक प्रश्नही आहे, आणि तो ज्यांना मोटारींत गोडी नाहीं त्यांनाही विचार करावयास लावील. वडिलार्जित वस्तु जशीच्या तशी जपावी, कीं ती वापरांत राहावी म्हणून तिच्यांत बदल करावा?

ज्या मोटारींविषयीं हें लिहीत आहों, त्यांना तिकडे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, असें म्हणतात. मध्यम आकाराच्या, साधारण कुटुंबाला परवडणाऱ्या गाडींत मोठ्या गाडीचें प्रचंड एंजिन बसवावयाचें, ही त्यामागील सरळ युक्ति. १९६४ सालीं पाँटियाकची ‘जी. टी. ओ.’ निघाली आणि ही लाट उसळली. मध्यम गाडींत ३३० घनइंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असा जनरल मोटर्स या पालक कंपनीचा दंडक होता. जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं ३८९ घनइंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें एंजिन ‘ऐच्छिक साहित्य’ म्हणून पुढें केलें आणि त्या दंडकाला बगल दिली. पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या. म्हणजे दुसऱ्याचें एंजिन आणून बसविण्याची खोड या गाड्यांच्या जन्मांतच आहे!

१९७० सालीं या शर्यतीनें कळस गाठला. त्या वर्षीं शेव्हर्लेच्या ‘शेव्हेल’ गाडींत ४५४ घनइंचांचें, ४५० अश्वशक्तीचें एंजिन मिळूं लागलें. परंतु त्याच वर्षीं अमेरिकेंत स्वच्छ हवेचा कायदा झाला. शिसेंविरहित पेट्रोल चालावें म्हणून पुढच्याच सालीं एंजिनांतील दाबाचें प्रमाण उतरविण्यांत आलें, आणि १९७३ च्या तेलटंचाईनें उरलासुरला उत्साहही मावळला. गाड्या मात्र राहिल्या. कोणाच्या अंगणांत, कोणाच्या ताडपत्रीखालीं.

अशा गाडीचा धनी एंजिन कां बदलतो? केवळ वेगाचा हव्यास हें त्याचें उत्तर नव्हे. कार्बुरेटरवर चालणारें जुनें एंजिन थंडींत लवकर सुरू होत नाहीं, तेल गळतें आणि पेट्रोल भरमसाट पितें. डेन्व्हरसारख्या पांच हजार फुटांहून उंच गांवीं हवा विरळ असते. तेथें सपाटीवर जुळविलेला कार्बुरेटर पेट्रोल जास्त व हवा कमी देऊं लागतो. नव्या एंजिनांत हवेचें मान मोजून संगणक पेट्रोलाचें माप क्षणोक्षणीं ठरवितो. त्यामुळें ही अडचण उद्भवत नाहीं.

या कामीं सर्वांत लोकप्रिय ठरलें तें जनरल मोटर्सचें ‘एल. एस.’ घराणें. त्यांतील पहिलें एंजिन १९९७ च्या कॉर्व्हेट गाडींत आलें : ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ति. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७२ पूर्वींचे आंकडे एंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरील भार कमी करून मोजलेले असत. पुढें मोजण्याची रीत बदलली. म्हणून जुने ३५० आणि नवे ३४५ हे सारखे नव्हेत. नव्यांचें पारडें पुष्कळच जड आहे. शिवाय ॲल्युमिनियमचें हें एंजिन ४५४ घनइंचांच्या बिडाच्या एंजिनाहून सुमारें दोनशें पौंडांनीं हलकें भरतें. त्याच घराण्यांतील बिडाचीं एंजिनें १९९९ पासून मालवाहू गाड्यांत बसूं लागलीं, आणि त्या गाड्या भंगारांत निघाल्यावर तीं स्वस्तांत मिळूं लागलीं. छंद घरोघरीं पसरला तो यामुळें.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. उदाहरणादाखल १९७० ची शेव्हेल घेऊं. बॅटरीची तार सोडावयाची, पेट्रोल व पाणी काढून टाकावयाचें, आणि जुनें एंजिन लहान यारीनें उचलून बाहेर घ्यावयाचें. नव्या एंजिनाच्या बैठकी जुन्या सांगाड्यावरील भोकांशीं जुळत नाहींत. त्यासाठीं तयार पट्ट्या मिळतात. तळाचें तेलपात्र सांगाड्याच्या आडव्या तुळईला अडतें. तें बदलावें लागतें. गिअरबॉक्स नवा असेल तर मागच्या चाकांकडे जाणारा दांडा पुन्हां मापून घ्यावा लागतो, आणि तें माप गाडीचा भार चाकांवर असतांनाच घ्यावयाचें. नव्या गिअरबॉक्साचा लाभ मात्र मोठा. त्याच्या चौथ्या गिअरचें प्रमाण ०.७० असेल, तर ज्या वेगाला जुनें एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेई, त्याच वेगाला नवें २,१०० फेऱ्यांत काम भागवितें.

खरी कसोटी पेट्रोल व वीज यांचीच. कार्बुरेटरला दर चौरस इंचास ५ ते ७ पौंड दाबानें पेट्रोल पुरतें; नव्या एंजिनाला सुमारें ५८ पौंड लागतो. म्हणून टांकींत विजेचा पंप व तितका दाब सोसणाऱ्या नळ्या हव्यातच. जुनी रबरी नळी तशीच ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण. संगणकाचेंही तसेंच आहे. कांहीं एंजिनांच्या भुजादंडावरील चक्राला २४ खुणा असतात, नंतरच्यांच्या चक्राला ५८. एंजिन एका जातीचें व संगणक दुसऱ्या जातीचा घेतला, तर सारें जोडूनही गाडी सुरूच होत नाहीं! आणि ज्या गाडीला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत, तिची शक्ति वाढविण्यापूर्वीं पुढें डिस्क ब्रेक बसवावे. धांवण्याआधीं थांबण्याची तजवीज करावी, हें शहाणपण सर्वत्रच लागू आहे.

कायद्याकडेही पाहावें लागतें. कॅलिफोर्निया राज्यांत १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची नियतकालिक तपासणी नाहीं. त्यानंतरच्या गाडींत घातलेलें एंजिन गाडीच्या सालचें वा त्याहून नवें असावें लागतें, आणि त्याच्या धूरनियंत्रणाच्या साधनांसह तें सरकारी पंचाला दाखवावें लागतें.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुष्कळ जुन्या एंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा कांहीं भाग कोरलेला असतो. तो जुळला म्हणजे कारखान्यांत जोडलेली जोडी अद्याप फुटलेली नाहीं, असें ठरतें, आणि संग्राहक तिला मोठें मोल देतात. अशा गाडीवर हत्यार चालविणें हा जुन्या दस्तऐवजावर शाई सांडण्यासारखा प्रकार होय, असें त्यांचें म्हणणें. दुसरा पक्ष म्हणतो, जी गाडी वर्षांतून एकदां पुसण्यापुरतीच उघडली जाते, ती जपली कसली? गाडी रस्त्यासाठीं जन्मली. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. दुर्मिळ व अभंग जोडीची गाडी तशीच राखावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या साध्या गाडीचें मूळ एंजिन केव्हांच हरवलें, तिच्यावर पावित्र्याचा पहारा कशाला?

यांतून सुज्ञ कारागिरांनीं एक मार्ग काढला आहे. जें काढतां येईल तेंच बसवावें. जें पुन्हां जोडतां येणार नाहीं तें कापूं नये. शेव्हेलसारख्या गाडींत हें साधतें. उलट, साठाव्या दशकांतील फोर्ड मस्टँगमध्यें त्याच कंपनीचें २०११ चें चार कॅमशाफ्टांचें रुंद एंजिन बसवावयाचें, तर पुढच्या चाकांचे आधारस्तंभच बहुधा कापावे लागतात. तेथें हात घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

वडिलांची गाडी मुलानें नव्या एंजिनावर चालविली, यांत वडिलांचा अपमान नाहीं. त्यांनीं ज्या आसनावर बसवून आपणांस गांव दाखविला, त्याच आसनावर आपल्या मुलांना बसवितां येणें ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र जुनें एंजिन भंगारांत न देतां, तेल लावून, झांकून, गॅरेजच्या कोपऱ्यांत ठेवावें. त्याचे खिळे व कंस डब्यांत घालून वर नांवें लिहावीं. उद्यां नातवाला गाडी आजोबांच्या वेळीं होती तशी करावीशी वाटली, तर त्याला ती करतां आली पाहिजे. वारसा सांभाळणें म्हणजे आपल्या आवडीची मोहर त्यावर कायमची उमटविणें नव्हे. पुढच्याला निवड करण्याची मोकळीक राखणें होय. एवढें ज्यानें संभाळलें, त्यानें खुशाल बदल करावा.